बोर्ड धरणारी

११ जानेवारी

पुन्हा फोटो हलले! पहिले सगळेच्या सगळे हलले. डोळ्यांना दोन-दोन कडा, ओठ पुसल्यासारखे. बटण दाबताना ह्यांचं बोट थरथरतं, मग कॅमेराही थरथरतो — स्टँड तरी बिचारा काय करणार! ह्यांनी बघायच्या आत मी ते पुसून टाकले. उरले ते माझे.

हे खुर्चीत मागे रेलून एकेक फोटो बघत होते. "चेहरा कसा खुललाय बघ. अजून जमतंय म्हणायचं आपल्याला!"

"जमतंय की!" म्हटलं, आणि चहा टाकायला उठले.

१२ जानेवारी

ह्यांचा नियम फार जुना आहे. कॅमेऱ्याचा आवाज बंद, फ्लॅश नाही, फक्त खिडकीचा उजेड. खट् झालं की मॉडेलचा चेहरा आवळतो, असं हे म्हणतात. फोटो कधी निघाला ते तिला कळताच कामा नये.

तोच नियम माझ्या कामी आला. ह्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा मी गुपचूप कॅमेऱ्याचा रिमोट आणला. खोडरबराएवढा. एप्रनच्या खिशात असतो. एका हाताने मी पांढरा बोर्ड धरते, मॉडेलच्या हनुवटीखाली उजेड फेकते. दुसरा हात खिशात. तिकडे ह्यांचं बोट, इकडे माझा अंगठा.

सांगायचं कसं? ज्याने सगळं आयुष्य लोकांचे चेहरे टिपण्यात घालवलं, त्याला म्हणू, की अहो, आता तुमचं बोट चालत नाही? नाही होत. जीभच वळत नाही.

१९ जानेवारी

नणंदबाई आल्या होत्या. भावाच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलंय त्यांनी. मार्चमध्ये. जुने नकोत म्हणे, फक्त गेल्या वर्षातले!

"दादाचा हात म्हणजे हात! आणि हल्ली किती मऊ झालंय गं त्याचं काम."

हे नुसते हसले. मी बोर्ड पुसत होते. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"आणि वहिनी, त्या दिवशी जरा बरं काहीतरी घाल. एप्रनमध्ये उगवशील, तुझा काही भरवसा नाही!"

मीही हसले. आमच्या घरात मी हसले की विषय संपतो.

भिंतभर मी काढलेले फोटो, खाली ह्यांचं नाव. आणि मी कोपऱ्यात, नीट कपड्यांत. हे कळलं तर हे मोडतील. नाही कळलं तर मी जन्मभर बोर्ड धरून उभी. यातून बाहेर पडायला दार कुठे आहे, मला तरी दिसत नाही.

२७ जानेवारी

क्षण माझा असला तरी चौकट ह्यांचीच. चेहरा बरोब्बर मधोमध! मॉडेल डावीकडे बघत असली तरी मधोमध. अहो, नजर जिकडे जाते तिकडे थोडी मोकळी जागा नको का? नाक चौकटीवर आपटतंय असं वाटतं. गुदमरायला होतं मला ते फोटो बघून.

आज बोर्ड सारखा करता करता पायाने स्टूल हळूच उजवीकडे ढकललं, वर बसलेल्या मुलीसकट! ह्यांनी कॅमेरा फिरवला, पुन्हा मधोमध. मी पुन्हा ढकललं.

"अगं, स्टूल सरकतंय का ते?"

"फरशी गुळगुळीत आहे हो."

मुलगी खुदकन हसली. तेवढ्यात मी दाबलं. आजचा सगळ्यात चांगला फोटो तोच.

२ फेब्रुवारी

नवीन मुलगी. उंच, काटकुळी. "मला सगळे सुतळी म्हणतात, तुम्हीपण म्हणा काकू," म्हणाली. एका मोठ्या कंपनीत निवडीसाठी फोटो पाठवायचेत. महिनाअखेरपर्यंत. दोनदा नाकारलंय तिला — चेहरा बोलत नाही म्हणून.

खरंच बोलत नाही. हस म्हटलं की दात दाखवते, गंभीर हो म्हटलं की उशीचा अभ्रा! इस्त्री केलेला.

मग मी बोर्डामागून विचारलं, "घराची किल्ली कुठे ठेवलीस गं आज?"

ती थांबली. एक भुवई वर, ओठ किंचित उघडे, डोळे आपल्याच आत काहीतरी शोधताहेत. दाबलं!

मनाला काहीतरी काम द्यावं लागतं. मग चेहरा आपसूक जागा होतो. हे मला कुणी शिकवलं नाही. रोज कोपऱ्यात उभं राहून कळलं.

जाताना कानाशी येऊन म्हणाली, "काकू, खिशात सारखं काय दाबता? उंदीर आहे का?"

मी हात झटकन खिशातून बाहेर काढला.

९ फेब्रुवारी

सुतळी आज कपडे बदलायच्या खोलीत सरळच बोलली. "फोटो तुम्ही काढता."

"काहीतरीच!"

"मी किल्ली आठवत होते ना, तेव्हा सर पाठ फिरवून फडकं शोधत होते. आणि नेमका तोच फोटो आला. कॅमेऱ्याने आपापला काढला?"

मी तिच्या कपड्यांच्या घड्या घालायला लागले.

"सांगून टाका ना सरांना."

"तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"मग गप्प बस."

दोघी हसलो. ती बाहेर गेल्यावर मात्र मला हुंदका आवरेना. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं — फोटो तुम्ही काढता. वाक्य छान होतं. चारचौघांत म्हणता यायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी

या महिन्यात हललेला फोटो एकही नाही! पुसून टाकायला काही उरलंच नाही. डॉक्टरांची नवीन गोळी लागू पडली म्हणायची. कपातला चहा मात्र अजून बशीत सांडतोच. वेळ लागत असेल.

आनंद झाला. देवाशपथ झाला. आणि मग आत काहीतरी खचलं. ह्यांचा हात बरा झाला, तर माझ्या अंगठ्याचं काय काम? काय बाई आहे मी!

हल्ली मी स्टूल सरकवते, तर हे कॅमेराही फिरवत नाहीत. दमतात बहुतेक.

२० फेब्रुवारी

बोर्ड धरला. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

२४ फेब्रुवारी

सुतळीचे शेवटचे फोटो. उजेड सुरेख होता. बोर्ड धरला, खिशात हात घातला — रिकामा! सकाळी एप्रन धुवायला टाकताना रिमोट काढून घरच्या खिडकीत ठेवला, तो तिथेच राहिला. आता काय सांगून घरी जाणार?

उभी राहिले. सुतळी काय सुंदर दिसत होती आज! मान वळवताना क्षणभर घाबरली, मग स्वतःच्याच घाबरण्यावर हसली. तो क्षण आला. गेला. दुसरा आला. गेला. माझा अंगठा खिशात नुसताच अस्तर चोळतोय.

ह्यांचं बोट बटणावर होतं. "वा! असंच. छान!" चालू होतं. म्हटलं, घेताहेत ना! हात बरा झालाय आता. घेऊ देत. मी नसले तरी चालतंय. एवढी परकी मी त्या खोलीत कधीच नव्हते.

"झकास झालं आज," हे निघताना म्हणाले.

कॅमेऱ्यातलं कार्ड उद्या बघू. आज धीर नाही.

२५ फेब्रुवारी

कार्ड कोरं. हललेलासुद्धा एक नाही. काहीच नाही!

हे मागे येऊन कधी उभे राहिले कळलं नाही. रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू दाबलं नाहीस?"

मला वळून बघवेना.

माझ्या खांद्यावर हात ठेवला. थरथरणारा. "उद्या बोलाव तिला परत. तू कॅमेऱ्यामागे उभी राहा. बोर्ड मी धरतो. बोर्ड हलला तरी चालतं गं."