अवस लागायच्या आत

माय, परवा लातूरच्या दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभी असताना तुझी आठवण आली, आणि ती चांगली नव्हती. आधीच सांगून टाकते. माणूस गेलं की त्याच्याबद्दल सगळं चांगलंच बोलायची आपल्याकडे रीत आहे, आणि तुझ्याबाबतीत मीही ती इतकी वर्षं पाळली. तुझ्या तेराव्याला आलेल्या बायकांना मी सांगितलं की माझ्या मायसारखी माय कुणाला मिळायची नाही. ते खोटं नव्हतं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं सांगायला माणूस समोर लागतं, आणि तू समोर होतीस तेव्हा माझं तोंड उघडलं नाही.

तू घाई करणारी बाई नव्हतीस, हेच मला उमगत नाही. उमरीकडच्या आपल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सगळं तुझ्या संथ चालीनं चालायचं. चुलीत काटक्या घालायच्या तर एक पेटली की दुसरी. पीठ मळायला बसलीस की बाबा दारात दोनदा खोकून जायचे, तरी तुझा हात तसाच चालायचा. मी सात-आठ वर्षांची असेन, दही लागलं का बघायला मी बोट घालून विरजण ढवळलं. तू उलथनं माझ्या पाठीत घातलंस. मला मारल्याचं ते एकच आठवतं. मग जवळ घेऊन म्हणालीस की ज्याला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यावा, हात घातला की नासतं. ते तुझं बोलणं मी शाळेत, शिवणाच्या क्लासात, सासरी, कुठं कुठं वापरलं. जाऊ अजून मला हसते. घरात कुणाची धांदल सुरू झाली की म्हणते, थांबा रे, हिच्या मायचं दही लागायचंय.

तशी तू एका गोष्टीची मात्र धास्ती बाळगून होतीस, आणि ती मला फार उशिरा कळली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तू मला लातूरहून घेऊन आलीस. हिवाळा होता, ज्वारी डोक्याएवढी झालेली. अंगणात उन्हाला बसवून तू माझी वेणी घालायचीस आणि पोटातल्या लेकरासाठी तुझ्या जुन्या इरकलीची कुंची शिवायचीस. एक दिवस सुई कापडात तशीच ठेवून तू मला सांगितलंस की तू स्वतः अवशीची आहेस. ऐन अमावास्येला जन्मलेली. मामाचा बैल बसला तर तुझ्यामुळं, विहिरीचं पाणी आटलं तर तुझ्यामुळं, आजी लवकर गेली तीही तुझ्यामुळं. लग्न जमवताना आजोबांनी तुझी तिथी लपवली, आणि सासरी कुणाला कळू नये म्हणून तू जन्मभर कुणालाच आपली तिथी सांगितली नाहीस. बाबांनासुद्धा नाही. हे सगळं तू इतक्या साधेपणानं सांगितलंस की मला हसू आलं. मी म्हटलं, असलं काही नसतं माय. तू म्हणालीस, नसतं गं, पण बोलणाऱ्यांना तोंड असतंय.

मग तो दिवस. सकाळपासून कळा सुरू होतात, येतात आणि जातात, मधे मला बोलता येतं, चहासुद्धा पिता येतो. तू कॅलेंडरापाशी जाऊन जाऊन बघतेस. संध्याकाळी अवस लागणार असते. मला वाटतं तू बाबांच्या यायची वाट बघतेस. दुपारी तू शेजारच्याला पाठवून गावातल्या डॉक्टरला बोलावून आणलंस. डॉक्टर म्हणजे नांदेडला कुणाच्या तरी दवाखान्यात कंपाउंडर होता तो. पण ताप असो, विंचू चावलेला असो, गाव त्याच्याकडेच जायचं आणि त्याला डॉक्टरसाहेबच म्हणायचं. तू दाराशी त्याला म्हणालीस, "अवस लागायच्या आत मोकळी करा लेकराला. काय लागंल ती सुई द्या." हे मी आतून ऐकलं. आवाज माझ्या मायचा होता आणि बोलणं कुणा दुसऱ्याच बाईचं. त्यानं मला दंडात सुई टोचली. कळांची सुई म्हणायचे तिला. गावात कितीतरी जणींना दिली होती त्यानं, त्याला सवय होती.

त्यानंतरचं मी कुणाला नीट सांगू शकले नाही. कळ येते तशी जातेही, म्हणून बाई ती सोसते. सुईनंतरची कळ आली ती गेलीच नाही. पोट दगड होऊन राहिलं. श्वास घ्यायला फट मिळेना. मी तुझा हात धरून म्हटलं, "माय, मधी दमच मिळंना गं, थांबीव ह्ये." तू माझ्या कपाळावरचा घाम पुसलास आणि म्हणालीस, "कळ हाय म्हंजी चांगलंच हाय, बाई. सोस." आणि उन्हं कलायला लागल्यावर तू त्याला दुसरी सुई द्यायला लावलीस. तुझा चेहरा मला आठवतो. तू दुष्ट नव्हतीस, घाबरलेली होतीस. माझ्याहून जास्त घाबरलेली होतीस.

बाळ अवस लागायच्या आत झालं. मुलगी होती. ती रडली नाही. तू पितळेची थाळी घेतलीस आणि तिच्या कानापाशी वाजवायला लागलीस, वाजवतच राहिलीस. शेजारच्या बायका म्हणाल्या आता पुरे, तरी तू थांबली नाहीस. डॉक्टर कधी निघून गेला कुणी पाहिलंच नाही. माझं अंगावरून जाणं थांबेना तेव्हा कुणीतरी तुझ्या हातातून ती थाळी काढून घेतली, आणि जीपमध्ये घालून मला नांदेडला नेलं. तिथं पिशवी काढावी लागली. शुद्धीवर आले तेव्हा तू पायथ्याशी बसली होतीस, आणि तू मला पहिलं काय म्हणालीस ते तुला आठवतं का? "अवशीच्या आत झाली व्हती, बाई. तिच्यावर काही बोल न्हाई." मी तोंड भिंतीकडे केलं. माझं लेकरू मेलं होतं, पुन्हा होणार नव्हतं, आणि माझी माय मला सांगत होती की तिच्यावर बोल नाही.

ती कुंची तू कुणाला तरी देऊन टाकलीस, मला न विचारता. घरात ठेवली तर मला त्रास होईल असं तुला वाटलं असेल. मला त्रास ती नसल्याचा झाला.

पुढच्या वर्षीची एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही. लातूरकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस म्हणतात. तुमच्या गावात तिचं एवढं काही नव्हतं. इथं मात्र दिवाळीपेक्षा मोठी. सगळं शहर कुलूप लावून शेतात जातं, कडब्याची कोपी करून आत पाच दगडांचे पांडव मांडतात, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील खातात, कुणीही कुणाच्याही शेतात जाऊन जेवतं. लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला मी आजारी होते, दुसरी तुझ्याकडे गेली, तीच ती अवस. ही तिसरी. सासूबाई माझ्या वाटीत आंबील ओतत होत्या. त्या तशा माझ्याशी वाईट कधीच वागल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या मायनं उगंच घाई केली बघ. आमच्यात येळवशीचं लेकरू म्हंजी शेतातली लक्ष्मी. त्या दिवशी झालं असतं तर मी गावाला जेवू घातलं असतं." त्या वाढत पुढे गेल्या. मी ती वाटी हातात धरून बसले, आणि मला वाटलं की जमीन आत ओढून घेईल तर बरं. ज्या बोलण्यापासून तू माझ्या लेकराला वाचवलंस, ते बोलणं या घरात कुणी बोललंच नसतं. तू विचारलं असतंस तर. किंवा मी कधी तुला येळवशीबद्दल सांगितलं असतं तर. सुनेच्या माहेरानं सासरच्यांना अवस-पुनवेचं कुठं विचारावं, असंच तुला वाटलं असणार.

तू त्यानंतर बरीच वर्षं होतीस. मी माहेरी यायचे, तू माझ्या डोक्याला तेल लावायचीस, आपण सगळं बोलायचो आणि तेवढंच बोलायचो नाही. अंथरुणाला खिळलीस तेव्हा एकदा म्हणालीस की एक तरी गोष्ट मी लेकीसाठी नीट केली, अवस टाळली. तुझ्याकडे एवढंच उरलं होतं. मी तेव्हा सासूबाईंचं बोलणं तुला सांगितलं नाही. ती माया होती की राग, मला अजून कळलेलं नाही.

आता परवाचं. थोरल्या जावेची मुलगी पहिलटकरीण, तारीख उलटून गेलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कळा आणाव्या लागतील. आधी गोळी दिली, मग सलाईनमधून औषध. आत एकाच बाईला थांबू देतात, आणि पोरगी म्हणाली, काकूच पाहिजे. ओटी भरायला लोक मला बोलवत नाहीत, माय, आणि तिनं तिच्या आईला सोडून मला बोलावलं. सलाईनला औषध जोडताना पाहिलं आणि मी त्या डॉक्टरीणबाईंचा हात धरला. काय बोलले ते नीट आठवत नाही. हे नका देऊ, माझं लेकरू यानंच गेलं, असं काहीतरी. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "औषध वाईट नाही, मावशी. आम्ही थेंबाथेंबानं देतोय, बाळाचे ठोके ऐकत देतोय. कळ जास्त झाली की बंद करतोय. दंडात एकदम टोचलं की मग ते बंद करता येत नाही." मग त्यांनी विचारलं, तुमच्या वेळी एवढी काय घाई होती? मी म्हटलं, अवस होती. त्यांनी चकती फिरवून सलाईनचे थेंब थोडे कमी केले. मग पोरीच्या पोटावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पुढे मला बाहेर पाठवलं. बाकावर बायका बसलेल्या. निलंग्याकडची एक सांगत होती की तिला ताकदीचं सलाईन म्हणून लावलं होतं, कळांचं होतं हे तिला मागाहून कळलं. आधी सांगितलं असतं तर मन तरी घट्ट केलं असतं. दुसरी म्हणाली, मीच मागून घेतलं, दोन दिवस कळा देऊन थकले होते, देव भलं करो त्या औषधाचं. तिसरी उदगीरच्या बाजूची. तिच्या थोरल्या नातवाच्या वेळी सुनेला घरीच सुई दिलेली. तो आता दहा वर्षांचा आहे आणि बोलत नाही. नुसता बघून राहतो, म्हणाली, आणि नातीसाठी आणलेलं दूध गार झालं का म्हणून बाटली गालाला लावून बघत बसली.

इतकी वर्षं मी धरून होते की ती सुई म्हणजे विष होतं आणि एका लबाड माणसानं माझ्या भोळ्या मायला फसवलं. त्या समजुतीवर मी जगले. तुझ्या वाटणीचा दोष मी त्या औषधावर टाकून ठेवला होता. परवा त्या डॉक्टरीणबाईंनी चार वाक्यांत तो उचलून परत माझ्या पुढ्यात ठेवला. औषध तेच. ते आत चाललं होतं आणि पोरगी मधे मधे श्वास घेत होती, मला हाका मारत होती, चक्क हसलीसुद्धा एकदा. माझ्या लेकराला फक्त थोडा वेळ हवा होता, माय. रात्र झाली असती, अवस लागली असती, आणि आज ती बावीस-तेवीस वर्षांची असती. तू विरजणाला दिलास तेवढा वेळ तिला दिला नाहीस. मला तुझी दया येते, तुझ्यावर माया आहे, आणि मी तुला माफ केलेलं नाही. वय झालं की माणूस निवळतं म्हणतात. माझं तसं काही झालेलं नाही.

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. कागद घडी घालून कुठं ठेवावा तेही सुचत नाही. जाऊ आत-बाहेर करते आहे, तिला वाटतं मी बातमी कळवायच्या पाहुण्यांची यादी करते आहे. तिला मी हे सांगू शकत नाही, त्या पोरीला तर नाहीच. पेढे मीच आणले, मीच वाटले, आणि बाळाला पहिलं माझ्याच हातात दिलं तेव्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. पण त्याआधी, दार बंद असताना, त्याचं पहिलं रडणं बाहेर आलं आणि बाकावरच्या बायका देवाचं नाव घेत उठल्या, तेव्हा एक क्षणभर मला वाटलं की ते गप्प व्हावं.