म्हात्र्यांचं मनगटी घड्याळ

डोंबिवली, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, १९९२

डब्यात आज पुन्हा पडवळ. आठवड्यात तिसऱ्यांदा. या अपराधाला एकाही स्मृतिकाराने प्रायश्चित्त सांगितलेलं नाही, याचा मी लेखी निषेध करतो.

असो. खरं लिहू.

कारखान्यातल्या रसायनाच्या भांड्यासाठी मी मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे प्रोग्रॅम भरलेल्या चिपवर, चालणारा बझर बनवला. दोन तास झाले की तो वाजतो आणि ऑपरेटर म्हात्रे थंड पाणी सोडतात. आज म्हणाले, "साहेब, तुमचा बझर परत अडीच मिनिटं उशिरा बोंबलला. मी आपला घड्याळ बघून पाणी सोडतो. तुमचा मान राखायचा म्हणून बोललो नाय कुनाला."

चूक सापडली. टायमर दर मिलिसेकंदाला भरतो, मग प्रोग्रॅम तो पुन्हा लावतो. त्या लावण्यात दर वेळी वीस मायक्रोसेकंद जातात, ते मी धरलेच नाहीत; दोन तासांत असं बहात्तर लाख वेळा होतं. लहानपणी पंचांगातली कालमापनाची पळं-विपळं घोकलेला मी! आणि म्हात्र्यांचं चावीचं घड्याळ बरोबर.

सुधारायचं तर चिप काढायची, भांडं थांबवायचं, म्हणजे मालकांना सांगायचं. त्यांना मीच छातीठोकपणे म्हटलं होतं, "शेठ, माणसाचं घड्याळ चुकेल, हे नाही." आज दोनदा त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. दोनदा परत आलो.

उद्यापासून म्हात्रे मुलीच्या साखरपुड्यासाठी रजेवर. बदलीवर येणारा माणूस बझरवरच विसंबणार. अडीच मिनिटांत भांडं किती तापतं, कुणाला विचारायचीही हिंमत नाही.

त्या माणसाला काही होईल, याची भीती वाटते. पण मी उद्याही गप्पच राहीन, याची जास्त वाटते.