भिंगरीचं व्याज कोणाकडे धरायचं

बाळा,

मी वाचनालयात मुलांच्या तासाला जाते आहे. जेवण झाकून ठेवलंय.

तुझं टॅक्सचं रिटर्न भिंगरीने आणि मी मिळून ऑनलाइन भरत आणलं आहे. तिच्या ठेवीचं व्याज मागच्या वर्षी तू विसरली होतीस, ते यंदा ‘इतर उत्पन्ना’त घातलं. लहान मुलांच्या ठेवीचं व्याज आईवडिलांच्या उत्पन्नात धरतात, हे तिला समजावून सांगितलं. त्यावर बाईसाहेब म्हणतात, “पैसे बँकेत नुसते लोळतात तरी त्यांचं कौतुक, आणि मी लोळले की ओरडा!”

पुढच्या पानावर मात्र आमचं घोडं अडलं. आईवडील वेगळे राहत असतील, तर मूल ज्याच्याकडे असेल त्याने हे व्याज दाखवायचं. तिथे ‘एकत्र’ किंवा ‘वेगळे’ अशी खूण करायची होती. भिंगरी लगेच म्हणाली, “बाबा कामासाठीच गेलेत ना गं आजी? मग ‘एकत्र’ करू?”

मी म्हटलं, “ते आईला विचारू.”

तिच्याशी खोटं मी बोलले नाही, पण खरं सांगणं तुझं काम आहे. इतकी वर्षं मुलांना शिकवते आहे. अवघड गोष्टही त्यांना कळते, फक्त सांगणाऱ्याने शेजारी बसावं लागतं.

भरलेलं सगळं जतन केलंय, मुदतही बरीच आहे. आधी तिच्याशी बोल, मग खूण कर. ती शेजारी खेळते आहे, हाक मारलीस की येईल. मी आज जरा उशिरानेच परतेन.

कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत.

आई