कावळा आणि फुलंब्रीचा पोस्टमास्तर

प्रिय आत्या,

दहाव्याला कायगावच्या घाटावर तू आम्हाला भर उन्हात ताटकळत ठेवलंस, त्याचा जाब विचारायला हे पत्र. जिवंतपणी तुझ्या शनिवारच्या वाचनाला कुणी उशिरा आलं तर तू दार उघडायची नाहीस. आणि स्वतःच्या पिंडाला शिवायचं तर एवढा भाव खायचा?

कावळा समोरच बाभळीवर बसला होता. गुरुजी म्हणाले, बाईंची काही इच्छा राहिली असेल, ती पुरवू म्हणून सांगा. शेजारच्या शिंदेकाकूंनी तुझ्या तुळशीला पाणी घालायचं कबूल केलं. सोसायटीचे सेक्रेटरी जाधवसाहेब, त्यांनी तर हात जोडून सांगितलं, "बाई, पाण्याची टाकी धुऊन घेतो. या आता." कावळ्यानं मान फिरवली.

तुझं काय अडलंय ते मला ठाऊक होतं. ते मागं, पाण्याची कळशी घेऊन उभं होतं.

इद्रिस सुदानहून इथं शिकायला आला, तेव्हा त्याचा चेहरा पाहून उस्मानपुऱ्यातली प्रत्येक रिकामी खोली अचानक भरलेली निघत होती. तू मात्र आपली मागची खोली दिलीस. जाधवसाहेब दुसऱ्या मजल्यावर आपल्याकडं आले, "बाई, लई काळा हाय. लेकरं भितात." तू चहा ओतत म्हणालीस, "जाधवसाहेब, तुमच्या लग्नाचा फोटो मी पाह्यलाय." त्यानंतर कितीतरी दिवस ते आपला जिना चढले नाहीत.

ते परत यायला लागले ते तुझ्या कादंबरीमुळं. किती बेरकी होतीस ग! ती जुनी परदेशी कादंबरी तू वाचता वाचता मराठीत सांगायचीस. एका काळ्या मोतद्दारावर, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्यावर, घोडा चोरल्याचा आळ येतो. सगळं गाव त्याच्यावर उठतं, आणि एकटा गोरा पोस्टमास्तर म्हणतो, त्या वेळी हा माझ्यासमोर बसला होता. गाव त्याला वाळीत टाकतं, तरी तो साक्ष फिरवत नाही. गावाचं नाव बायकांच्या जिभेवर बसेना, म्हणून तू सरळ आपल्या जवळचं फुलंब्री करून टाकलंस.

बायका पदरानं डोळे पुसायच्या. आणि जिन्यात इद्रिस दिसला की तोच पदर सावरून भिंतीला चिकटायच्या. जाधवसाहेब दाराबाहेर पाण्याचं मीटर तपासत उभे असायचे. आपल्या मजल्यावर मीटर नाही, हे तू त्यांना कधी सांगितलं नाहीस.

शिंदेकाकूंचा भाऊ फुलंब्रीचा. काकूंनी त्याला विचारलं, असा कोण पोस्टमास्तर होता? तो म्हणाला, कुणालाच आठवत नाही. काकू मला म्हणाल्या, "भल्या माणसाची आठवण कोण ठिवतंय, बाई?" तुला हे सांगितलं तर तू हसता हसता रडलीस.

तू गेलीस आणि तिसऱ्याच दिवशी जाधवसाहेबांनी मला गाठलं. "आता घर तुमचं. महिनाअखेर त्या पोराला काढा." मी काय म्हणाले? "बघू." शेजाऱ्यांशी वाकडं घ्यायची मला भीती वाटली, आत्या. तुझं घर मिळालं, जीभ नाही मिळाली.

घाटावरही मी आधी नुसती कावळ्याकडं बघत राहिले. गुरुजींनी दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. मग सगळ्यांसमोर, जाधवसाहेबांकडं न बघता, मी मोठ्यानं म्हणाले, "आत्या, इद्रिस त्याच्याच खोलीत राहील. मी त्याला काढणार नाही."

आणि तू आलीस का? नाही! कावळा उडाला आणि जाधवसाहेबांच्या स्कूटरवर जाऊन बसला. अशा वेळी तरी माणसाची लाज राखायची.

"बघा," जाधवसाहेब म्हणाले, "बाईंनाच मंजूर नाय."

तेवढ्यात शिंदेकाकू माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "फुलंब्रीच्या पोस्टमास्तराला कोणता कावळा शिवला व्हता? तरी उभा राह्यला का नाय? पोरगं ऱ्हाईल. मीटिंगमधी बी मी हेच बोलीन."

जाधवसाहेबांनी एकदा स्कूटरकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ते पोस्टमास्तराचं पुढं काय झालं? बाईंचं शेवटलं प्रकरण ऱ्हायलंच की."

मी म्हटलं, ते पुस्तक आत्यानं इद्रिसला दिलंय. तो गेला तर पुस्तकही त्याच्याबरोबर जाईल.

"तसं नगं," जाधवसाहेब म्हणाले. "शनिवारपोतर तरी ऱ्हाऊ द्या." शनिवारनंतरचं शनिवारनंतर, असा त्यांचा हिशेब. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही जेवायला बसलो. इद्रिस पंगतीत जाधवसाहेबांच्या शेजारी बसला. जागा तेवढीच होती.

ते शेवटचं प्रकरण मी काल इद्रिसकडून पुस्तक घेऊन वाचून काढलं. मोतद्दार सुटतो, पण पोस्टमास्तराची नोकरी जाते आणि मरेपर्यंत त्याच्या दारात कुणी येत नाही. वाचून फार वाईट वाटलं. तुझ्या दारात निदान आम्ही होतो ना ग?

माझा शब्द घे. शनिवारी मी ते जसं आहे तसं वाचीन. जाधवसाहेब नाराज झाले तरी पोस्टमास्तराला जिंकवणार नाही. मीटिंगमध्ये काहीही ठरलं तरी इद्रिसची खोली इद्रिसचीच. आणि शिंदेकाकूंनी विचारलंच, की फुलंब्री सोडून तो भला माणूस शेवटी गेला कुठं, तर सांगेन, उस्मानपुऱ्यात आला होता. दुसऱ्या मजल्यावर. रोज तुमच्याशी बोलायचा.

तुझी भाची,
रेखा

ता. क. टाकी अजून धुतलेली नाही.