चाखून पास केलेली विहीर

॥ श्री ॥
दर्यापूर, ४ नोव्हेंबर २०२४

चि. गीतांजलीस सहदेवमामाचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

वांग्याच्या थैलीत ही चिठ्ठी टाकून अकोल्याच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो. फोनवर तू मले बोलूच देत नाईस, म्हणून कागद.

चंदनकडं राजस्थानात आठ दिवस राहून आलो. आपला पोट्टा युरेनियमच्या खाणीत वायरमन लागला तेव्हापासून मले वाटे, तिथची माणसं अंधारात चमकत असतीन. कोणी चमकत नाई. सूनबाई मात्र वाळून काडी झाली. अबोलीले पाचवा महिना, अन् प्यायले कंपनीच्या टँकरचं पाणी. त्याले दवाखान्यासारखा वास येते.

गल्लीच्या टोकाले एक जुनी विहीर हाय. खाण सुरू झाल्यापासून बाकीच्या साऱ्या आटल्या, ही एकटी टिकली, तरी लोक टँकरपुढं उभे. मी चाखून पायलं. शहाळ्यासारखं गोड. आपली जिंदगी गेली खारपाणपट्ट्यात, जिथं बोरच्या पाण्यात दाळ शिजत नाई अन् पोरगी देण्याआधी सोयरे पाणी चाखून जातात. आपल्याले गोड पाणी कोणी शिकवावं? मी भर गल्लीत जाहीर केलं का हे पाणी पास. लोक म्हणाले, खाऱ्या मुलखाचा माणूस, याची जीभ खोटं कशाले बोलन. चंदनच्या घरचा टँकरचा ड्रम म्या उलटा केला अन् अबोलीले सांगितलं, हेच पी, लेकरू गुटगुटीत होईन.

येक बाटली तुलेही पाठवतो. प्रयोगशाळेत लोकायचं खारं पाणी तपासून तोंड आंबलं असंल, घोटभर पी. तुह्या मामीनं तं अर्ध्या गावाले दोन-दोन चमचे वाटलं.

नाकावरचा राग उतरला का उत्तर टाक.
तुहा मामा, सहदेव


॥ श्री ॥
जठारपेठ, अकोला, २१ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामांस गीतांजलीचा सा. न. वि. वि.

वांगी झकास होती. पाणी प्यायले नाही. आमच्या यंत्रावर जमत नाही म्हणून ते नागपूरला पाठवलं, काल निकाल आला. पिण्याच्या पाण्यात युरेनियम लिटरमागे तीस मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. तुम्ही पास केलेल्या विहिरीत दोनशे चौदा निघालं.

मामा, युरेनियमला चव नसते. तुमची जीभ फक्त मिठाची परीक्षा घेते आणि बाकी सगळ्यांना वरच्या वर्गात ढकलते. खाणीत खोल जायचं तर आधी जमिनीतलं पाणी उपसावं लागतं. पातळी खाली गेली, उथळ विहिरी आटल्या, मोकळ्या झालेल्या खडकात हवा शिरली आणि इतकी वर्षं गप्प बसलेलं युरेनियम पाण्यात विरघळायला लागलं. खाणीचा मातीचा ढीग विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर तिकडूनही झिरपत असणार. त्यानं माणूस चमकत नाही, त्याची किडनी बिघडते, तीही बिनबोभाट. खाऱ्या पाण्यानं घरोघरी किडनीचे रोगी असलेल्या दर्यापूरकरांना मी याबद्दल काय सांगावं.

आता उकळून प्या असा सल्ला देऊ नका. पाणी उडून जातं, युरेनियम भांड्यातच राहतं. मामीच्या दोन चमच्यांनी कोणाला काही होणार नाही. पण अबोली रोज पिते आहे. मी तिला फोन केला तर म्हणाली, सासऱ्यांनी स्वतः चाखून सांगितलं, आणि खाणीच्या साहेबानंही चंदनला पाणी चांगलं असल्याचं सांगितलं. माझा कागद तिला खोटा आणि तुमची जीभ खरी वाटते. म्हणून तुम्हालाच जावं लागेल.

मला तुमचा संताप आला आहे आणि त्याहून जास्त भीती वाटते आहे. मामीला नमस्कार. माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं.
तुमची गीता


॥ श्री ॥
दर्यापूर, ६ डिसेंबर २०२४

चि. गीतांजलीस गुन्हेगार मामाचे आशीर्वाद, वि. वि.

अबोलीले घेऊन आलो. डॉक्टरनं रक्त-लघवी तपासली. आज तं ठीक हाय, म्हणे, दर महिन्याले पाहू. जारचं पाणी पिते अन् मले टोमणे मारते.

तिथं पोचलो तं ती बॅग भराले तयार नव्हती. तुहा कागद वाचून आधी रडली, मंग माह्यावरच तडकली. म्हणे, मले घेऊन जासान, पण तुमच्या शब्दावर साऱ्या गल्लीनं टँकर सोडला, त्यात अजून तीन बाया पोटुशा हाय, त्यायचं काय? पयले त्यायले सांगा. मी चंदनकडं पायलं. तो म्हणे, मी तोंड उघडलं तं नोकरी जाईन.

मंग मीच विहिरीवर उभा रायलो अन् अर्ध्या हिंदीत, अर्ध्या वऱ्हाडीत सांगितलं का माही चूक झाली, यात विष हाय. लोक हसले. म्हणाले, मागच्या महिन्यात पास, या महिन्यात नापास, हा कसा मास्तर. शेजारच्या म्हातारीले माही कीव आली. प्रवासानं भ्रमिष्ट झाला, म्हणे, अन् ताजं पाणी ओढून तांब्या माह्या हातात देला. घशाले कोरड पडली होती. पाण्याले नाई म्हणणं म्हणजे दुश्मनी, आपल्याकडं बी अन् तिकडं बी.

मी तो तांब्या तिच्या डोळ्यासमोर वाळूत ओतला. त्या मुलखात पाणी वाचवाले लोक भांडी बी नुसत्या राखेनं घासतात. हसणं बंद झालं. म्हातारीनं मले येक शिवी देली, समजली नाई पण लागली. मंग तिनं आपला भरलेला हंडा उचलला, त्याच जागी उपडा केला, अन् तो रिकामा हंडा घेऊन टँकरच्या जागेवर जाऊन बसली. टँकर यायले अजून दोन दिवस होते.

मामावरची माया आटू देऊ नको.
सहदेव