यादीतली शेवटची ओळ

शनिवार, १३ मे १९८९, मिल्टन कीन्स

आज सेकंडहँड पिकअप बघून आले. ह्यांनी हौसेने घेतलेला कॅम्पर, म्हणजे झोपायची बिनचाकी खोलीच, घरापुढच्या ड्राइव्हवेमध्ये चार लोखंडी पायांवर तसाच उभा आहे. पिकअपच्या पाठीवर चढवायचा, छप्पर वर उचलायचं, आत झोपायचं. रिटायर झाल्यावर स्कॉटलंड. आणि फेब्रुवारीत हेच गेले. मुलगी म्हणते, "आई, विकून टाक ना तो." विकू? मला नाही जमत.

ह्यांच्या अक्षरातली यादी नेली होती. खालून गंज आहे का, मागच्या स्प्रिंगा वजन पेलतील का, सगळं विचारलं. गाडीचा मालक चकितच झाला. शेवटची ओळ मात्र विचारली नाही: 'सुमनला चढता येईल ना? गुडघे!'

आलं हो चढता. या गुडघ्यांनी, सहज. पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. मालक किल्ली धरून बाहेर उभा. "चालवून बघणार ना?"

तेव्हा कळलं. रोज स्वतः गाडी चालवत कामाला जाणारी मी, डावीकडच्या सीटवर बसले होते. हे येऊन गाडी सुरू करतील म्हणून थांबले होते.