सालोमीबाईची भिंत

अहमदनगर, ४ मार्च २००३

तीर्थरूप आबा,
पायांवर डोकं ठेवून मंजुषाचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर मिळतं. आईचा गुडघा कसा आहे? आपल्या गावी, गोरेगावात, हळद शिजवून झाली का?

इथल्या जुन्या चर्चच्या दुरुस्तीत वेदीमागची भिंत माझ्याकडे होती. "जुनं समदं उतरव, तवाच चुना धरतो," हे तुमचं बोलणं धरून मी गिलावा विटांपर्यंत खरवडला. कुणाला विचारलं नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी प्रार्थनेला सालोमीबाई नावाची म्हातारी आली. तिला दिसत नाही. भिंत चाचपडत म्हणाली, "पोरी, माझ्या आजीचं नाव कुठं गेलं गं?"

चर्च बांधणाऱ्या बायकांनी ओल्या गिलाव्यात बोटानं नावं कोरली होती. वर रंगाचे थर चढले, तरी तिच्या बोटांना आजीचं नाव लागायचं. मी सगळा ढिगारा चाळला, आबा. नुसता भुगा.

तुमची चूक नाही. विचारायलाही तुम्हीच शिकवलं होतं.

नवा गिलावा वाळला. तुम्ही पाठ थोपटली असती, इतका गुळगुळीत झालाय. काल सालोमीबाईनं त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. तो कुठेच थांबला नाही.

आईला यातलं काही सांगू नका.

तुमची लेक,
मंजुषा